मलाकलचा रस्ता आणि गणपतीतलं भाषण

पत्र असं आहे:

"ताई, मी खानापूर तालुक्यातला. सैन्यात सॅपर, म्हणजे इंजिनियर तुकडीतला, सध्या हुद्दा हवालदार. थोड्या महिन्यांनी पेन्शनीत येईन. मध्यंतरी राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला जाऊन आलो. आमचं काम मलाकलच्या बाजूला होतं. रस्ते, नाले, तळाभोवतीचे बांध. गोळीबाराचे आवाज ऐकले, नाही म्हणत नाही, पण आमचा बहुतेक वेळ डोझर, ग्रेडर आणि चिखल यांच्यातच गेला. रस्ता मोकळा झाल्यावर त्या वाटेनं बाजाराला निघालेल्या बायका मी डोळ्यांनी बघितल्यात. घरी आलो तर गावात एकच बोलणं: 'तितं नुसती कापाकापी चाललीय, टीव्हीत बघालोय की आम्ही. तुम्ही काय बांधून आलासा?' कोण म्हणतं, डॉलर कमवायला गेला होता. मार्चमध्ये तिथल्या नासिर गावच्या लढाईची बातमी आली तेव्हा साडू म्हणाले, 'गेला की तुमचा रस्ता वाहून.' माझी मुलगी बेळगावला पत्रकारिता शिकते. मला वाटलं होतं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, 'बाबा, बातमी खोटी नाही. तुम्ही तुमच्या रस्त्याएवढंच बघितलंय.' तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं झालंय. आता गणपतीत मंडळानं माझा सत्कार ठेवलाय, दहा मिनिटं बोला म्हणालेत. पत्रकारांना चांगले चार शब्द सुनवावेत असं फार वाटतंय. सुनवू का गप्प बसू?"

दादा,

सुनवू नका, आणि गप्पही बसू नका. तुमच्याकडे सांगण्यासारखं इतकं आहे की ती दहा मिनिटं पत्रकारांवर खर्ची घालणं मला परवडणारं वाटत नाही. पण तुमचा राग अनाठायी आहे असंही मी म्हणणार नाही. तो कुठून येतो ते मला चांगलं कळतं.

बेळगावातल्या एका मराठी दैनिकात बातम्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं. देश-विदेशच्या पानावर दक्षिण सुदान कधी येतो हे मला माहीत आहे. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी पाच-सहा परिच्छेदांची येते. जाहिराती लागल्यावर पानावर जी जागा उरते, तीत दोन परिच्छेद बसतात. किती मेले, कुठे मेले, संशय कुणावर, एवढ्यातच ते दोन संपतात. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ राष्ट्रसंघाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ताफ्याला संरक्षण देणारे आपले पाच जवान मारले गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबोच्या तळावर सशस्त्र जमाव चालून आला. तळावर आसऱ्याला आलेल्या नागरिकांना वाचवताना आपले दोन जवान गेले. या बातम्या ठळक छापून आल्या आणि यायलाच हव्या होत्या. पण तो ताफा कुणासाठी चालला होता, अकोबोत आसऱ्याला कोण आलं होतं, का आलं होतं, हे त्या दोन परिच्छेदांत कुठून मावणार? दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी येते.

रस्ता बांधून होतो त्याची मात्र बातमीच होत नाही, कारण तो अमुक दिवशी अमुक वाजता होत नाही. मुरूम पडतो, रोलर फिरतो, पाऊस येतो, अर्धं काम वाहून जातं, पुन्हा मुरूम पडतो. यातला कुठला दिवस छापायचा? शिवाय मलाकलला पोचणं म्हणजे बेळगावहून कोल्हापूरला जाणं नव्हे. राजधानी जुबाहून विमान पकडायचं, नाहीतर नाईलमधून बोटीनं जायचं, सरकारी परवाने काढायचे. पावसाळ्यात तर आतल्या वाटाच बंद. एवढं करून बाहेरचा बातमीदार तिथं दोन-चार दिवस राहतो, पुष्कळदा तुमच्याच तळावर. त्या मुदतीत त्याला जळालेली वस्ती दिसते. नाला खोदल्यामुळे जी वस्ती बुडाली नाही, ती त्याला कशी दिसेल? दक्षिण सुदानातल्याच बेन्तियूचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. तिथं पुरानं वर्षानुवर्षं सगळा मुलूख पाण्याखाली ठेवला, आणि लाखभर विस्थापितांची छावणी मातीच्या बांधांच्या आधारानं कोरडी राहिली. ते बांध घालण्यात आणि राखण्यात राष्ट्रसंघाच्या पाकिस्तानी इंजिनियर सैनिकांचा मोठा वाटा होता. हे आपल्या टीव्हीवर मी कधी पाहिलेलं नाही. कारण तिथं जे घडलं ते 'बुडालं नाही' एवढंच होतं.

हे सगळं आपल्या भागातल्या लोकांना समजावणं खरं तर सोपं आहे. डिसेंबर २०२२ आठवा, सीमावाद तापला होता तेव्हाचा. ६ तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटीच्या फेऱ्या थांबल्या. पुण्या-मुंबईच्या वाहिन्यांवर दिवसभर तीच फुटणारी काच. माझ्या नात्यातली माणसं पुण्याहून फोन करून विचारत होती, घरात धान्य आहे ना? मी तेव्हा गणपत गल्लीत भाजी घेत उभी होते. मग बातमी खोटी होती का? नव्हती. दगड पडलेच होते, ट्रकच्या चालकांनी जी भीती सोसली ती खरीच होती. फक्त कॅमेऱ्याच्या चौकटीत अख्खं बेळगाव मावलं नव्हतं. आपल्यावर बेतलेली ही गोष्ट तुमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना आठवून द्या. मलाकलबद्दल ते मग जरा थांबून बोलतील.

आता तुमच्या मुलीकडे येते. तिचं वाक्य तुम्हाला लागलं, आणि ते लागण्यासारखंच होतं. बाप वर्षभर परमुलखात चिखल उपसून आला आणि पोरगी म्हणते, तुम्ही रस्त्याएवढंच बघितलं. तरीही दादा, ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते बरोबर वाटलं. यात तुमचा कमीपणा नाही. निळी टोपी घालून, पहाऱ्यात, दुभाष्याला घेऊन गावात जाणाऱ्या माणसाशी लोक काय बोलतील आणि काय बोलणार नाहीत, याचा विचार करा. तुम्ही संध्याकाळी तळावर परतत होता. रात्री त्या गावात काय होत होतं ते गावालाच माहीत. ज्या बायका बाजाराला निघाल्या त्या तुम्हाला दिसल्या. ज्या निघाल्या नाहीत त्या का निघाल्या नाहीत, हे तुम्हाला कोण सांगणार होतं? आणि रस्ता मोकळा झाला की त्यावरून धान्याचा ट्रक येतो तशी बंदूकही येते. त्या देशात रस्त्यांवर आणि नदीवर जागोजागी नाके बसवून पैसे उकळले जातात हे तुम्ही पाहिलंच असेल. तुमच्या रस्त्यावर असा नाका बसला का, हे तुम्ही निघून आल्यावर कुणीतरी जाऊन बघायला हवं. ते बघणाऱ्या माणसाला बातमीदार म्हणतात.

मलाकलचंच आणखी एक सांगते, कारण भाषणात कुणी विचारलं तर तुम्हाला ठाऊक असायला हवं. तुमच्या आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, राष्ट्रसंघाच्या तळावर नागरिकांसाठी राखलेल्या वस्तीवर हल्ला झाला. किमान २५ माणसं मेली, वस्तीचा मोठा भाग जळाला. शांतिसैनिकांचा प्रतिसाद उशिराचा आणि गोंधळाचा होता, हे राष्ट्रसंघाच्या स्वतःच्या चौकशीत पुढे आलं. तिथं काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि बातमीदारांनी ते लावून धरलं म्हणून ते दाबलं गेलं नाही. शांतिसेनेची बदनामी झाली, होय. पण त्या वस्तीत राहणाऱ्या माणसांच्या बाजूनं विचार केला तर ते छापून येणं गरजेचं होतं. तुम्ही ज्या तळावर बांध घातलेत तो त्याच माणसांसाठी होता ना?

आणि ज्यांना सुनवायचं म्हणता ते बातमीदार कोण, हेही बघा. जानेवारी २०१५ मध्ये पश्चिम बहर अल गझल प्रांतात एका ताफ्यावर हल्ला झाला, त्यात दक्षिण सुदानचे पाच पत्रकार मारले गेले. पाचही तिथलेच. आपल्या वाहिन्यांवर रात्री नऊला ओरडणारे लोक आणि हे लोक एका मापानं मोजू नका. तिथं राष्ट्रसंघाचा रेडिओ मिराया आहे, जुबाचा आय रेडिओ आहे. कुठली वाट सुरू झाली, लसीकरण कुठं आहे, ज्वारीचा भाव काय, हे तिथल्या लोकांना रेडिओवर कळतं. म्हणजे तुमच्या कामाची बातमी होते, ती आपल्यापर्यंत येत नाही. तुमचा राग मलाकलच्या बातमीदारावर निघू नये. निघायचाच तर तो आमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांवर निघावा, तो मी ऐकून घेईन.

साडूंच्या बोलण्याचं मात्र मला वाईट वाटलं. नासिरची बातमी खरी होती. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तिथली सैन्याची छावणी पडली, काही दिवसांत राष्ट्रसंघाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन त्यातला एक कर्मचारी मारला गेला, आणि महिना संपण्याआधी तेव्हाचे प्रथम उपराष्ट्रपती रिएक माचार स्थानबद्ध झाले. गृहयुद्ध थांबवणारा २०१८ चा शांतता करार मोडतो की काय, अशी वेळ आली. पण म्हणून तुमचं काम वाया गेलं असं होत नाही. तुमचा रस्ता वाहून गेलाही असेल. काळ्या मातीवरचा मुरमाचा रस्ता एका पावसाळ्यात खचतो. तुम्ही खानापूरच्या लाल मातीतले, तुम्हाला ते तिथं जाऊन कळलं असेल, पण बैलहोंगल-सौंदत्तीच्या शेतकऱ्याला विचारा, पावसात एरीत, म्हणजे काळ्या रानात, बैलगाडी घालायची का म्हणून. महाराष्ट्राच्या दुप्पट मोठ्या त्या देशात पहिला डांबरी हमरस्ता, जुबा ते निमुले, १९२ किलोमीटरचा, २०१२ मध्ये पुरा झाला. बाकी बहुतेक वाटा मातीच्याच. म्हणजे तिथं रस्ता दर वर्षी बांधावा लागतो. एका वर्षाची पाळी तुमची होती. त्या वर्षात ट्रकनं जे धान्य गेलं ते खाल्लं गेलं. तेच विमानानं न्यावं लागलं असतं तर कितीतरी पट महाग पडलं असतं, म्हणजे तेवढ्याच पैशात कमी पोटांना पुरलं असतं. जनावरांवर उपचार करायला आपल्या सैन्याचे पशुवैद्य तिथं जातात. ज्या समाजात लग्नापासून वैरापर्यंत सगळं गुरांवर चालतं, तिथं वाचलेल्या गाईची किंमत साडूंनाही कळेल, ते शेतकरी असतील तर नक्कीच.

अशा कामाचं पुढे काय होतं याचं एक मोठं उदाहरण आपल्याच लोकांचं आहे. अफगाणिस्तानात झारांज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेनं बांधला. इराणच्या हद्दीपासून निघून तो अफगाणिस्तानच्या मोठ्या वळसा-महामार्गाला मिळतो, त्यामुळे त्या देशाला समुद्राकडे जायची दुसरी वाट मिळाली. काम चालू असताना अपहरणं झाली, हल्ले झाले. आपली माणसं गेली, आणि त्याहून कितीतरी जास्त अफगाण माणसं गेली. जानेवारी २००९ मध्ये रस्ता अफगाणिस्तानच्या स्वाधीन झाला. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं पहिली प्रांतिक राजधानी घेतली, ती झारांजच. ज्या रस्त्यासाठी माणसं मेली त्याच्या तोंडाशीच राज्य बदललं. टीव्हीवर दिसलं ते एवढंच. पण त्या रस्त्यावरून आजही मालाचे ट्रक जातात, सत्ता कुणाचीही असो. हे दोन्ही एकत्र डोक्यात ठेवणं कठीण आहे. तुम्हाला ते ठेवावं लागेल, कारण तुमच्या रस्त्याचंही असंच काहीतरी होईल. 'आम्ही देश उभा केला' असं बोलू नका. कुणाचाही देश बाहेरून आलेली सैन्याची तुकडी उभा करत नाही. तुम्ही वाट चालती ठेवली, आणि ते काही लहान काम नाही.

डॉलरवाल्यांना फार उत्तर देऊ नका. राष्ट्रसंघ सैनिकामागे ठराविक रक्कम देतो ती सरकारला देतो, सैनिकाला भत्ता मिळतो तो वेगळा. परदेशात राबणाऱ्या कुठल्याही माणसाला मिळतो तसा. लपवायचं काही नाही आणि समजावत बसायचंही काही नाही.

आता एक नाजूक गोष्ट. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "गोळीबाराचे आवाज ऐकले, नाही म्हणत नाही". ते लिहून तुम्ही लगेच डोझरकडे वळलात. घरीही तुम्ही असंच बोलत असाल, असं मला वाटतं. रस्ता, नाला, बांध यांचं बोलणं सोपं असतं. बाकीचं राहून जातं. मुलीनं 'बातमी खोटी नाही' म्हटल्यावर तुम्ही इतके दुखावलात, त्यात हे राहून गेलेलंही असेल का? कारण बातमीत जे दिसतं त्यातलं थोडं तुम्हीही पाहिलंय, आणि ते कुणाला सांगितलेलं नाही. मी चुकत असेन तर सोडून द्या. पण रात्री दचकून जाग येत असेल, फटाक्यांच्या आवाजानं अंग ताठ होत असेल, तर गणपतीच्या आधी बेळगावच्या कॅम्पातल्या मिलिटरी हॉस्पिटलात जाऊन या. त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही. आणि मंडळाच्या पोरांना सांगा, सत्काराच्या वेळी माळ लावायची नाही म्हणून.

भाषणाचं म्हणाल तर सबंध दक्षिण सुदान सांगायला जाऊ नका, एक दिवस निवडा. त्या दिवशी किती लांबीचं काम झालं, मुरूम कुठून आणला, कोण बरोबर होतं, दुभाषा काय म्हणाला. बाजाराला निघालेल्या त्या बायका कुठून येत होत्या, डोक्यावर काय होतं, रस्ता नव्हता तेव्हा त्या कुठून जायच्या. गोळीबार ऐकलात तेव्हा काम थांबवलंत का, किती वेळ, तुम्हाला काय वाटलं. जे टिकलं नाही तेही सांगा. ते सांगितलंत की जे टिकलं त्यावर लोकांचा आपोआप विश्वास बसेल. मधेच 'आणि टीव्हीवाले काय दाखवतात' असं तोंडात येईल, तेव्हा हिरेबागेवाडीची गोष्ट सांगा आणि पुढे चला. मोबाइलमधले छावणीतल्या मुलांचे फोटो पडद्यावर दाखवू नका. त्या पोरांच्या आईबापांनी तुम्हाला फोटो काढू दिला तो खानापूर तालुक्यातल्या मंडपात लावायला नव्हे. तळाचे फोटो तर मुळीच नकोत.

आणि तुम्ही अजून नोकरीत आहात. आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २१ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. सेवेतल्या गोष्टी वर्तमानपत्राला द्यायच्या किंवा जाहीर भाषणात सांगायच्या तर वरची परवानगी लागते. गावचा मंडप लहान असला तरी आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तुमचं बोलणं त्याच रात्री कुठवर जाईल ते सांगता येत नाही. तेव्हा युनिटला लिहून विचारा. नाही म्हणाले तर मंडळाला सांगा, सत्कार घेतो, बोलणं पेन्शनीत आल्यावर. पुढच्या वर्षी गणपती येणारच आहे.

मुलीशी बोलणं मात्र त्यासाठी थांबवू नका. तिला म्हणा, तू मला प्रश्न विचार, तुझ्या कॉलेजात शिकवतात तसे. ती वही काढेल. ती विचारेल, त्या बायकांना तुम्ही काही विचारलंत का, रस्ता तुमच्यानंतर कोण बघतंय, तळावर कुणी तुमच्यावर रागावलेलं होतं का. जिथं उत्तर नसेल तिथं 'माहीत नाही' असं तिला लिहू द्या. मग तिलाही तिच्या बाजूनं तिथल्या रेडिओच्या बातम्या शोधू द्या, त्या इंटरनेटवर मिळतात, आणि तुमच्या वर्षातल्या बातम्यांत तुमच्या वाटेचं नाव कुठं येतं का ते दोघांनी मिळून बघा. ती तुमच्या बाजूनं बोलेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तुमचं म्हणणं पूर्ण ऐकलेली ती पहिली बातमीदार असेल.

परवानगीच्या अर्जाला उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तो या आठवड्यातच करा. मसुदा तिच्याकडूनच लिहून घ्या.